गुत्ता, खाणावळ, हाटील : गावाच्या जुन्या बैठकींचा इतिहास कसा शोधावा

नगरला माळीवाड्याच्या एसटी स्टँडजवळ सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ‘इथं पूर्वी कोणतं हॉटेल होतं?’ तुम्हाला एक नाही, चार उत्तरं मिळतील. कुणी भजी सांगेल, कुणी पितळी बंबातला चहा, कुणी गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाचा रागीट चेहरा. पण ‘ते कधी सुरू झालं आणि कधी बंद झालं?’ असं विचारलंत, की सगळे गप्प. नगरचा किल्ला, चाँदबीबी महाल, फराहबाग यांच्यावर पुस्तकं आहेत. ज्या बाकड्यांवर बसून या शहरानं निवडणुका लढवल्या, लग्नं जुळवली, बाजारभाव ठरवले, विडी आणि हातमाग कामगारांनी संपाची चर्चा केली, त्या बाकड्यांवर मात्र फारसं कुणी लिहिलेलं नाही. हे काम इतिहासाच्या प्राध्यापकांची वाट बघत ठेवण्याचं कारण नाही. शनिवार-रविवार मोकळा असलेला, चौकस आणि थोडा चिवट असा कुणीही ते करू शकतो. कसं करायचं, ते इथं सांगतो.

इंग्लंडमधल्या बंदरांच्या गावी हौशी मंडळी आपल्या गल्लीतल्या दारूगुत्त्यांचा इतिहास हौसेनं लिहितात. त्यांना ते जमतं, कारण तिथं 1552 च्या कायद्यापासून गुत्तेवाल्याला न्यायदंडाधिकाऱ्याचा परवाना घ्यावा लागत असे आणि त्या नोंदी जपल्या गेल्या. आपल्याकडे बंदर नाही. नगरच्या निजामशाहीचं बंदर होतं चौल, तेही घाट उतरून गेल्यावर. पण पुणे, कल्याण, मनमाड, औरंगाबाद, बीड, सोलापूर अशा सगळ्या वाटा नगरला मिळतात. जिथं वाटा मिळतात तिथं माणूस थांबतो, आणि थांबला की खातो-पितो. 1 जून 1948 रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे-नगर मार्गावरच. त्यामुळे नगरच्या हॉटेलांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी नगरच्या रस्त्यांचा इतिहास आहे.

सुरुवात शब्दापासून करा. ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. मराठवाड्यात ठेकेदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारू विकण्याचा हक्क सरकार मक्त्यानं देत असे, म्हणून दुकानालाच गुत्ता हे नाव पडलं. या एका शब्दात शोधाची किल्ली आहे. ज्या जागेला सरकारनं मक्ता दिला, कर लावला, परवाना दिला किंवा तो काढून घेतला, त्या जागेचा कागद कुठं तरी जन्माला आला आहे. हॉटेलवाल्यांकडे त्यांचा स्वतःचा कागद क्वचित असतो. उधारीच्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या असतात. पण त्यांच्याकडून पैसे घेणारे, त्यांना परवानगी देणारे आणि त्यांना विरोध करणारे, या तिघांनी मात्र लिहून ठेवलेलं असतं.

दुसरी गोष्ट. ‘नगरची जुनी हॉटेलं’ असा विषय घेऊ नका. त्यात बुडून जाल. एक चौक घ्या. एक रस्ता घ्या. कापड बाजार, दाळ मंडई, सर्जेपुरा, भिंगारची पेठ किंवा तालुक्याच्या गावचा आठवडे बाजार. त्यातली फक्त एक इमारत घेतली तरी चालेल. मी स्वतः सुरुवातीला सगळं शहर घ्यायला निघालो होतो आणि वर्षभरात माझ्याकडे जमली ती नुसती आठवणींची चिठोरी, ज्यांना ना साल होतं ना पत्ता. मग एकच दुकान धरलं, तेव्हा कुठं धागा लागला.

धरलेल्या दुकानाचे दोन धागे कायम वेगळे ठेवा : एक जागेचा, दुसरा परवान्याचा. इमारत जागची हलत नाही. हॉटेल, मालक, नाव, परवाना हे सगळं हलतं. ‘तीन पिढ्यांचं हॉटेल’ म्हणून सांगितलं जातं, आणि तपासलं की कळतं, नाव तीन पिढ्यांचं आहे, पण मधे जागा दोनदा बदलली. कधी याच्या उलट असतं : पाटी कालची, पण भट्टी त्याच कोपऱ्यात शंभर वर्षं.

जागेच्या धाग्यासाठी नगर भूमापन कार्यालयात जा. बोलीत त्याला सिटी सर्व्हे म्हणतात. तिथं आपल्या इमारतीचा सिटी सर्व्हे नंबर शोधून मिळकत पत्रिकेची नक्कल काढा. तीवर धारकांची नावं आणि फेरफाराच्या तारखा असतात. पण तिथंच थांबू नका. सर्व्हे झाला तेव्हाची चौकशी नोंदवही बघायला मागा. त्या वेळी त्या जागी कोण, कोणत्या हक्कानं होतं, हे पत्रिकेपेक्षा तिथं जास्त सापडतं. पुढचा मुक्काम दुय्यम निबंधक कार्यालय. खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा यांच्या नोंदींची सूची, म्हणजे रोजच्या भाषेत इंडेक्स टू, तिथं मिळते. भाडेपट्ट्यात कधी कधी सोन्यासारखी ओळ असते : ‘सदर दुकान चहा-फराळाचे धंद्याकरिता’. तिसरा मुक्काम घरपट्टीची आकारणी वही. नगरची नगरपालिका 1854 ची आणि महापालिका 2003 ची. मधल्या दीडशे वर्षांतलं काय टिकलं आहे, ते प्रत्यक्ष विचारूनच कळतं. खेडेगावात हेच काम ग्रामपंचायतीचा नमुना आठ करतो. जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका. मोडीचे वर्ग पुरालेखागार आणि अनेक संस्था घेतात. दोन-तीन महिन्यांच्या सरावात नावं, आकडे आणि तारखा वाचता येतात, आणि आपल्याला तेवढंच तर हवं असतं.

नावाबद्दल एक सूचना. जिल्हा आता अहिल्यानगर झाला असला तरी शोध घेताना सगळी जुनी रूपं वापरा : अहमदनगर, अमदानगर, नुसतं नगर. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत ते ‘अहमदनग्गर’ असंही सापडतं. आणखी एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात : अहमदनगर आणि अहमदाबाद. दोन्ही मुंबई इलाख्यातले जिल्हे, यादीत एकाखाली एक. 1938 साली काँग्रेस मंत्रिमंडळानं दारूबंदीचा प्रयोग केला तो अहमदाबादेत. एखाद्या अहवालात ‘1938 मध्ये सगळे गुत्ते बंद’ असं वाचून कुणी ते नगरच्या खात्यावर मांडलं, तर पुढचं सगळं लिखाण चुकतं. ओळ उतरवून घेताना जिल्ह्याचं नाव दोनदा वाचा.

आता परवान्याचा धागा. इथं काळ कायद्यांनी मोजायचा. 1867 चा सराई कायदा सांगतो, की प्रवाशांना उतरू देणाऱ्या सराईच्या चालकानं आपलं नाव आणि सराईची जागा दंडाधिकाऱ्याच्या नोंदवहीत लिहून घ्यावी. म्हणजे लॉज हा शब्द येण्याच्या आधीच्या मुक्कामाच्या जागांचा माग जिल्ह्याच्या दंडाधिकारी दफ्तरात शोधायचा. 1878 चा मुंबई अबकारी कायदा दारूच्या दुकानांचा. याच वर्षी दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला, हा योगायोग लक्षात ठेवा : स्टेशनाजवळच्या कोणत्याही दुकानानं ‘रेल्वेच्या गिऱ्हाइकांसाठी’ स्वतःला त्याआधीचं म्हणवून घेतलं, तर तारीख पुन्हा तपासावी लागेल. अबकारी खात्याचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत आणि त्यांत जिल्हावार कोष्टकं आहेत. दुकानाचं नाव तिथं सापडणार नाही, पण जिल्ह्यात दुकानं वाढत होती की घटत होती, हे कळतं. तपशिलाची पत्रं मुंबईच्या राज्य पुरालेखागारात, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, महसूल विभागाच्या खंडांत शोधा. जाताना वर्ष ठरवून जा. वर्ष नसेल तर तिथं आठवडा घालवूनही हात रिकामे येतात. 1884 चं इलाखा गॅझेटिअर, म्हणजे अहमदनगरचा सतरावा खंड, मात्र घरी बसून आधी वाचून काढा. प्रत्येक मोठ्या गावाची टिपणं, रस्ते, उतरण्याच्या जागा, बाजार हे सगळं त्यात आहे.

मग येते 1949 ची दारूबंदी. गुत्ते कायद्यानं संपले आणि हातभट्टीचा काळ सुरू झाला. या काळाचा कागद परवान्यात नाही, गुन्ह्याच्या नोंदीत आणि कोर्टाच्या निकालांत आहे. बंदी सैल झाल्यावर ‘परमिट रूम’ हा आपला खास शब्द आला. 1973 च्या देशी दारू नियमांखाली देशीची दुकानं आली. इथं राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. परवान्याचा प्रकार, तालुका, गाव लिहा आणि एवढंच विचारा, की तो प्रथम कधी दिला आणि जागा किती वेळा बदलली. देशी दारू आणि वाइन शॉपचे नवे परवाने दीर्घकाळ दिले गेले नाहीत, त्यामुळे जुने परवानेच हस्तांतरित होत आणि गाव बदलत राहिले. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महामार्गालगतच्या दुकानांवर निर्बंध घातले आणि 1 एप्रिल 2017 पासून ते लागू झाले, तेव्हाही बरीच दुकानं हलली. हा प्रवास कागदावर आहे, मागणारा हवा.

जिल्ह्याची एक गोष्ट इथं विसरता येणार नाही. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरात 1933 साली सुरू झालेल्या साखर कारखान्याच्या उद्योगातून पुढे देशभर विकली जाणारी ब्रँडी निघाली. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस, मळी आणि मद्यार्क यांची साखळी याच जिल्ह्यात आहे. आणि याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आहे, जिथं गावसुधारणेची पहिली पावलं दारूभट्ट्या बंद करण्याची होती. कारखान्याच्या गावातल्या गुत्त्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं दोन्ही बाजू वाचल्या पाहिजेत.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं : विरोधकांचं वाचा. दुकान कुठं होतं, किती वाजेपर्यंत उघडं असे, कोण तिथं जाई, हे दुकानदार लिहीत नाही. ते बंद व्हावं म्हणून अर्ज करणारा बारकाईनं लिहितो. जोतीराव फुल्यांनी 1880 साली पुण्यात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. त्याच धर्तीचे अर्ज आपल्या गावच्या दफ्तरात शोधा. अमेरिकन मराठी मिशन नगरमध्ये 1831 पासून होतं, आणि त्यांचं ‘ज्ञानोदय’ 1842 साली नगरमध्येच सुरू झालं. व्यसन आणि समाजाच्या चालीरीती हे त्या पत्राच्या आस्थेचे विषय. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून चालवलेलं ‘दीनमित्र’ पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघे. खेड्यातून चालणाऱ्या या सत्यशोधक पत्रात शेतकऱ्याच्या कर्जाची आणि व्यसनाची जी चर्चा आहे, ती शहरी पत्रांत मिळत नाही. 1930 च्या सविनय कायदेभंगात दारूच्या दुकानांसमोर निरोधनं, म्हणजे पिकेटिंग, झाली. त्या बातम्यांत दुकानाच्या चौकाचं नाव हटकून असतं. अलीकडच्या काळात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान होतं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान, आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. ग्रामसभेचं इतिवृत्त काढून बघा. त्या पानांवर बायकांची सही किंवा अंगठा असतो. गावच्या इतिहासात त्यांचं नाव येणारं कदाचित तेवढं एकच पान.

भिंगार वेगळं धरा. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला, पुढे इंग्रजी अंमल बसला आणि लष्करी छावणी वाढली. छावणीच्या हद्दीतल्या जमिनीची नोंद सिटी सर्व्हेत शोधून उपयोग नाही. ती लष्करी मालमत्तेच्या सामान्य भूमी नोंदवहीत असते, आणि दुकानांचे परवाने छावणी मंडळाच्या कागदांत. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन नजरकैद्यांची मोठी छावणी होती, त्या कैद्यांनी आणि इथं राहून गेलेल्या गोऱ्या सैनिकांच्या घरच्यांनी लिहिलेली पत्रं-आठवणी परदेशी संग्रहांत आहेत. परदेशात राहणाऱ्या नगरकरांनी हा भाग हातात घ्यावा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद बघायला जाणं त्यांना सोपं आहे.

चहाची हॉटेलं आणि खाणावळी यांचा कागद थोडा निराळा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या पूर्ण नावातच ‘हॉटेल आणि लॉजिंग हाउसचे दर’ होते. पुढची कित्येक वर्षं घरमालक आणि हॉटेलवाले दिवाणी न्यायालयात भांडत राहिले, आणि आपल्यासाठी ते बरंच झालं : दाव्याच्या कागदांत जागेचा नकाशा, भाड्याची रक्कम, धंदा कधी सुरू झाला याचं शपथेवरचं निवेदन असतं. 1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद कामगारांची संख्या सांगते. 1951 च्या पोलीस कायद्यात ‘खाद्यगृह’ हा शब्दच आहे, त्याचे परवाने शोधा. या सगळ्यापेक्षा मला जास्त हाती लागलं ते जाहिरातींत. शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, नाट्यमंडळांच्या पत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, जुने दिवाळी अंक. पाव पानाच्या जाहिरातीत पत्ता, मालक आणि खासियत तिन्ही मिळतात आणि वर्ष मुखपृष्ठावर असतं. जिल्हा वाचनालयात हे अंक चाळा. अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्रात जुन्या शहराचे नकाशे-कागद बघा. घरोघरी मिरवणुकीचे फोटो असतात. त्यांत नवरदेवाकडे बघू नका, मागच्या पाट्या वाचा.

त्या पाट्यांवर काय लिहिलेलं असे, यावर थांबायला हवं. ‘हिंदू हॉटेल’, ‘ब्राह्मणांची खाणावळ’, स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं. आणि पाटीवर न लिहिलेलं : बाहेर ठेवलेला कान तुटलेला कप, तो स्वतः विसळून परत ठेवायचा. संविधानाच्या कलम 15 नं सार्वजनिक उपाहारगृहं सगळ्यांना खुली केली, 1955 च्या अस्पृश्यता कायद्यानं अडवणं हा गुन्हा ठरवला, तरी कप पुढेही वेगळेच राहिले. ज्या हॉटेलाचा इतिहास तुम्ही लिहिता आहात, तिथं कोण आत बसू शकत होतं, कोण दारात उभं राहून पीत होतं आणि कोण येतच नव्हतं, हे विचारल्याशिवाय तो इतिहास पुरा झाला असं मी मानणार नाही. मालकाला विचारून हे कळत नाही. दलित वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. दया पवारांचं गाव अकोले तालुक्यातलं धामणगाव. त्यांचं ‘बलुतं’ 1978 साली आलं. असं आत्मकथन आधी वाचा, म्हणजे काय विचारायचं आणि कोणत्या सुरात विचारायचं हे कळेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये नगर-राहुरीकडचं घर, प्रवास आणि पाहुणचार एका बाईच्या नजरेनं दिसतो. बाया हॉटेलात कधीपासून जाऊ लागल्या आणि ‘फॅमिली रूम’चा पडदा कधी लागला, हेही विचारण्यासारखं आहे.

मुलाखतीला मालकापेक्षा आधी नोकराकडे जा. भट्टीवर बसणारा, कपबश्या विसळणारा पोऱ्या, जो आता साठीचा झाला असेल. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं तर माणूस अवघडतो. ‘पहाटे शटर कोण उघडायचं? दूध कुठून यायचं? कटिंग किती पैशांना होता? खाणावळीचे मेंबर महिन्याचे पैसे कसे द्यायचे? साखरेची टंचाई आली तेव्हा काय केलं?’ असं विचारा. साल विचारू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असं विचारा, म्हणजे साल आपोआप सापडतं. रेकॉर्डिंगची परवानगी घ्या. ‘दादा, हे छापू का?’ असं उठताना पुन्हा विचारा.

सांगितलेलं सगळं तपासा, आदरानं तपासा. ‘नेहरू आमच्या दुकानात चहा प्यायले’ अशी गोष्ट नगरमध्ये कुणी सांगितली, तर तारीख विचारा. ऑगस्ट 1942 ते मार्च 1945 ते किल्ल्यात बंदिवान होते. त्या काळातली गोष्ट असेल तर ती खरी असू शकत नाही. पण नगर, तुरुंग आणि चहा यांचा एक अस्सल दुवा आहे. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली, आणि त्यातल्या एका पत्रात त्यांनी आपल्या बिनदुधाच्या चिनी चहाबद्दल मोठ्या प्रेमानं लिहिलं आहे. खोट्या दंतकथेच्या बदल्यात असं खरं काही हाती लागलं, की तपासण्याचे कष्ट जड वाटत नाहीत. कौटुंबिक गोष्ट चुकीची निघाली तरी ती फेकू नका. ‘घरात असं सांगतात’ म्हणून वेगळी लिहा.

लिहिताना तीन पथ्यं पाळा. दारूच्या दुकानाच्या उधारीच्या वहीतली गिऱ्हाइकांची नावं छापू नका. त्यांची नातवंडं गावात राहतात. प्रत्येक विधानापुढे ते कागदातलं, ऐकलेलं की स्वतः पाहिलेलं, एवढी खूण करा. आणि जी वर्षं सापडली नाहीत ती रिकामी सोडा, अंदाजानं भरू नका.

काम पूर्ण होण्याची वाट न बघता जमेल तेवढ्याची एक प्रत जिल्हा वाचनालयात आणि एक वस्तुसंग्रहालयात नेऊन द्या. रस्ता रुंदीकरणात जुनी दुकानं पडताहेत, पाट्या भंगारात जाताहेत. तुमच्या चौकातल्या सर्वांत म्हाताऱ्या वेटरचं घर कुठं आहे ते आजच विचारून घ्या आणि या रविवारी त्यांच्याकडे जा.